बैरूतच्या भिंती आणि आपली कर्बला

उर्दू शायरीच्या वाटेने बैरूतला पोहोचलेले वाचक आपल्यात पुष्कळ आहेत. ही वाट फैज अहमद फैज यांनी आखून दिली. १९७८ साली आफ्रो-आशियाई लेखक संघटनेच्या 'लोटस' या नियतकालिकाचे संपादक युसुफ अस-सिबाई यांची सायप्रसमध्ये हत्या झाली. पुढे नियतकालिकाचे ठाणे बैरूतला आले आणि संपादनाची जबाबदारी फैज साहेबांवर पडली. पाकिस्तानात तेव्हा जनरल झियांची राजवट होती. मायदेशी राहणे कठीण झालेला हा शायर १९८२पर्यंत बैरूतमध्ये राहिला. फिलिस्तिनी मुलासाठी लिहिलेली त्यांची अंगाई तिथली. यासिर अराफत यांना अर्पण केलेला 'मेरे दिल मेरे मुसाफिर' हा संग्रह त्याच काळातला. आणि १९८२च्या उन्हाळ्यात इस्रायली फौजांनी पश्चिम बैरूतला वेढा घातला, तेव्हाची 'एक नग्मा कर्बला-ए-बेरूत के लिए' ही नज्म तर आपल्यातल्या अनेकांना तोंडपाठ आहे.

ही नज्म ऐकताना अंगावर काटा येतो, हे आम्ही नाकारत नाही. तिच्यातले शहर अतिशय देखणे आहे. पडझड झालेली घरे राजवाड्यांपेक्षा श्रीमंत ठरतात, लढणारी पोरे इतिहासातल्या जगज्जेत्यांच्या पंक्तीला बसतात. आणि शीर्षकात कर्बला हा शब्द आला, की आपल्या वाचकाला पुढचे फारसे काही सांगावे लागत नाही. फुरातचे अडवलेले पाणी, तहानलेली लेकरे, थोडक्यांचा काफिला आणि समोर यजीदचे लष्कर, हे सारे त्या एका शब्दामागून आपोआप येते. ज्यांनी मजलिसीत बसून मर्सिये ऐकले ते यात आले, आणि ज्यांनी गावच्या ताबुतांखेरीज दुसरा मुहर्रम पाहिला नाही तेही आले.

आमचे म्हणणे असे आहे, की ही नज्म आपण आणि बैरूत यांच्या मधे उभी राहिली. लेबनॉनमधली यादवी १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षे चालली. सुमारे दीड लाख माणसे मेली असे सामान्यतः मानले जाते, सतराएक हजार बेपत्ता झाली. एवढी वर्षे एका राजधानीतली माणसे कशी जगली, काय खाऊन राहिली, कोणत्या खोलीत झोपली, शेजाऱ्याशी काय बोलली, हे आपण विचारले नाही. विचारण्याची गरजच वाटली नाही, कारण उत्तर शीर्षकात मिळालेले होते. त्या शहरातल्या माणसांनी मात्र या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवली आहेत. त्यांपैकी काही पुस्तकांविषयी येथे लिहायचे आहे. ती आम्ही इंग्रजी भाषांतरांतून वाचली. आमची अरबी नमाजपुरती आहे. पण उर्दूच्या आधाराने शीर्षके तरी आपल्याला परकी वाटत नाहीत, हा एक छोटा आनंद.

सुरुवात फैज साहेबांपासूनच करू. कारण ते स्वतः दुसऱ्या एका पुस्तकात पात्र म्हणून येतात. फिलिस्तिनी कवी महमूद दरवेश यांनी 'जाकिरा लिन्-निस्यान' (विस्मृतीसाठी स्मृती) हे गद्य पुस्तक पॅरिसमध्ये १९८५च्या सुमारास लिहिले. ते सारे एका दिवसाचे आहे: ६ ऑगस्ट १९८२, वेढ्यातला एक दिवस. त्यात एके ठिकाणी फैज साहेब विचारतात, की या शहरातले चित्रकार कुठे आहेत? चित्रकारांशी काय काम, असे विचारल्यावर ते म्हणतात, की त्यांनी हे युद्ध शहराच्या भिंतींवर रंगवायला हवे. यावर दरवेश यांचे उत्तर एवढेच, की भिंतीच कोसळताहेत हे तुम्हाला दिसत नाही का?

या संवादात अनादर नाही. दरवेश त्यांचा उल्लेख आपला थोर मित्र असाच करतात. शिवाय फैज १९११चे, दरवेश १९४१चे. तीस वर्षांचे अंतर आहे, आणि ज्येष्ठाला असे उत्तर देताना धाकट्याची जीभ थोडी अडखळलीही असेल. पण आमच्या मते हे उत्तर म्हणजे त्या नज्मेवरची सर्वांत नेमकी टीका आहे, आणि ती एका कवीने दुसऱ्यावर, बॉम्बच्या आवाजात केलेली आहे. फैज साहेबांच्या प्रश्नात प्रगतिशील चळवळीची सारी परंपरा आहे: लोकांचे दुःख, लोकांसाठी, मोठ्या अक्षरांत, सर्वांना दिसेल अशा जागी. या परंपरेला भिंत उभी आहे हे गृहीत धरावेच लागते. दरवेश यांच्या उत्तरात वेगळा प्रश्न आहे. लिहायला जागाच उरली नाही, तर कवीने काय लिहावे?

त्यांनी कॉफी लिहिली. पुस्तकाची सुरुवातीची कितीतरी पाने एका माणसाला पहाटे कॉफी करून घ्यायची आहे, यावर खर्च झाली आहेत. स्वयंपाकघर समुद्राच्या बाजूला आहे आणि तोफांचा मारा समुद्राकडूनही होतो आहे. झोपण्याच्या खोलीतून तिथे जायचे, पाणी उकळायचे, भुकटी टाकायची, उतू जाऊ न देता वर येऊ द्यायची, याला पाच मिनिटे लागतात, आणि ती पाच मिनिटे कोणी देईल का असा प्रश्न आहे. मधेच तो कॉफी कशी करावी, घाई का करू नये, दुसऱ्याच्या हातची कॉफी का चालत नाही, यावर एखाद्या उस्तादासारखा बोलू लागतो. वेढ्यात पाणी तोडलेलेच होते, त्यामुळे पाणी इथेही आहे. पण हे किटलीतले पाणी आहे; फुरातपर्यंत जायची त्याला गरज पडत नाही. चहाच्या पहिल्या घोटाशिवाय ज्यांची फजरनंतरची वेळ सुरू होत नाही अशा आपल्यासारख्यांना ही पाने वाचताना युद्ध जेवढे जवळ येते, तेवढे आम्हाला नज्मेतल्या रक्ताने आणले नाही.

पुस्तक निर्दोष आहे असे मुळीच नाही. पुढच्या भागात मध्ययुगीन अरबी इतिहासकारांचे लांब उतारे येतात, संघटनेच्या व्यासपीठावरचा सूर येतो, काही पाने नुसती भाषणे होतात. आणि आणखी एक मर्यादा आहे, ती दरवेश स्वतः जाणून होते. तेही त्या शहरात पाहुणेच होते. वेढा उठला, फिलिस्तिनी संघटना बोटींतून निघून गेली, आणि पुढे दरवेशही गेले. ज्यांना जायला दुसरे गाव नव्हते त्यांच्यासाठी १९८२ हे पंधरापैकी एक वर्ष होते.

त्या पंधरा वर्षांचा हिशेब वेढ्यापेक्षा फार गुंतागुंतीचा आहे. १९४३च्या अलिखित समझोत्याने लेबनॉनमध्ये राष्ट्राध्यक्ष मारोनी ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया, अशी वाटणी केली होती. तिला आधार होता १९३२च्या जनगणनेचा, आणि त्यानंतर पुन्हा जनगणना केलीच गेली नाही. मान्यताप्राप्त पंथ अठरा. प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा पंथ छापलेला. १३ एप्रिल १९७५ रोजी ऐन अर-रुम्माना या उपनगरात फिलिस्तिनींच्या बसवर गोळीबार झाला आणि युद्ध सुरू झाले. ६ डिसेंबर १९७५च्या शनिवारी ख्रिस्ती मिलिशियाने नाक्यांवर गाड्या अडवून ओळखपत्रे पाहिली आणि पंथ पाहून माणसे मारली. मग उलट्या बाजूनेही तेच झाले. १९७६च्या जानेवारीत करंतीनात मुसलमान आणि फिलिस्तिनी मारले गेले, दोन दिवसांत दामूर गावात ख्रिस्ती मारले गेले. शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. मधल्या ओसाड पट्ट्यात गवत आणि झाडे माजली, तिला नाव पडले हिरवी रेषा.

आता या सगळ्यावर कर्बला बसवून पाहा. १९८२च्या वेढ्याला ती बसते, हे मान्य केले पाहिजे. बाहेरून आलेले लष्कर, तोडलेले पाणी, अडकलेली लेकरे. फैज साहेबांनी शब्द उगाच निवडला नव्हता. पण १९८५च्या मे महिन्यात, रमजानच्या दिवसांत, 'अमल' या शिया संघटनेच्या सशस्त्र दलाने शतिला आणि बुर्ज अल-बराजना या फिलिस्तिनी छावण्यांना वेढा घातला. थांबत थांबत हे प्रकरण १९८८पर्यंत चालले आणि छावण्यांतली माणसे भुकेने तडफडली. दरसाल इमाम हुसेन यांचा शोक करणाऱ्या घरांतली पोरे नाकेबंदी करीत होती, आणि आत अडकलेले त्यांचेच कलमा-बंधू होते. हे लिहिताना एखाद्या फिरक्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. सुन्नी, द्रूझ, मारोनी, कोणाचेच हात कोरडे नव्हते. १९९० साली तर पूर्व बैरूतमध्ये ख्रिस्ती ख्रिस्त्यांवर तोफा डागत होते. मुद्दा रूपकाचा आहे. कर्बलेत हुसेन कोण आणि यजीद कोण, याविषयी तेराशे वर्षांत आपल्या मनात शंका आली नाही. यादवीत सकाळचा मजलूम संध्याकाळी जालिम असतो. कर्बला म्हटले की ही संध्याकाळ दिसेनाशी होते.

फैज साहेबांनी भिंतींवर युद्ध रंगवा म्हटले, पण बैरूतच्या भिंती मोकळ्या कुठे होत्या? प्रत्येक संघटना आपल्या मेलेल्या पोरांची चित्रे छापून भिंतींवर डकवीत होती. चेहरा, नाव, शहीद ही पदवी. एका शहीदावर दुसरा शहीद चिकटत होता. या भिंतींवरची उत्तम कादंबरी इलियास खूरी यांनी दरवेश यांच्या आधीच, १९८१ साली लिहिली: 'अल-वुजूह अल-बैदा' (पांढरे चेहरे). खलील अहमद जाबिर नावाचा एक साधा सरकारी नोकर. त्याचा मुलगा लढताना मरतो. आधी बापाला अभिमान वाटतो, घरात मुलाची चित्रे येतात, भिंतींवर मुलगा झळकतो. नंतर या माणसाचे काहीतरी बिघडते. तो स्वतःला कोंडून घेतो, छापील चेहरे पुसू लागतो. मग रस्त्यावर येतो आणि भिंतींवरची चित्रे पुसून त्या पांढऱ्या करत फिरतो. एक दिवस त्याचे प्रेत कचऱ्याच्या ढिगाऱ्यात सापडते. कोणी मारले, का मारले, हे शोधण्यासाठी बायको, शेजारी, कचरा उचलणारा, लढवय्या अशांच्या जबान्या एकामागून एक येतात. प्रत्येक जण खलीलविषयी सांगता सांगता स्वतःचेच रडगाणे सांगू लागतो आणि खुनाचा तपास कुठल्या कुठे राहतो.

काहींना हा दोष वाटेल. आम्हाला ही कादंबरीची खरी पकड वाटते. कारण यादवीच्या शहरात एका माणसाच्या मृत्यूकडे पाहायला कोणाला वेळ नसतो, हे खूरी विधान करून सांगत नाहीत. जबान्या भरकटू देतात. ध्यानात घ्यावी अशी दुसरी गोष्ट म्हणजे खूरी काही काठावरचे नव्हते. जन्माने ख्रिस्ती असून ते तरुणपणी फिलिस्तिनींच्या बाजूने प्रत्यक्ष लढलेले होते, आणि २०२४च्या सप्टेंबरात बैरूतमध्येच वारले तोपर्यंत त्यांनी ती बाजू सोडली नाही. आपल्या बाजूच्या शहीदांची चित्रे पुसणारा बाप नायक करण्याची हिंमत अशा माणसाने दाखवावी, याला महत्त्व आहे. शत्रूची भिंत पांढरी करायला कोणीही तयार असतो.

शहादत या शब्दापासून सर्वांत लांब गेल्या त्या लेखिका. मिरियम कुक या अमेरिकन अभ्यासक बाईंनी या लेखिकांवर एक पुस्तकच लिहिले आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की पुरुष युद्धाचा अर्थ लावत होते तेव्हा या बायका युद्धातला दिवस लिहीत होत्या. ही विभागणी फार सरळ आहे; दरवेश यांची कॉफी तिच्यात कुठे ठेवायची? तरीही पुस्तके वाचल्यावर तिच्यात तथ्य आहे हे पटते.

गादा अस-सम्मान मूळच्या दमिश्कच्या, राहायला बैरूतला. १९७५च्या अखेरीस शहरातल्या मोठमोठ्या हॉटेलांच्या मजल्यांवरून लढाई सुरू झाली. त्या हॉटेलांजवळच्या आपल्या घरात त्या अडकून पडल्या. त्यातून 'कवाबीस बैरूत' (बैरूतची दुःस्वप्ने) ही कादंबरी १९७६ साली आली. क्रमांक दिलेली लहानमोठी दुःस्वप्ने एकामागून एक येतात. घरात पुस्तकांची कपाटे आहेत आणि भाकरी संपत आली आहे. शेजारी पाळीव प्राण्यांचे दुकान आहे, मालक गायब, आणि पिंजऱ्यांतली जनावरे उपाशी. लेखिका पुन्हा पुन्हा त्या दुकानाकडे वळते. पिंजरा म्हणजे शहर हे पहिल्या दोन खेपांना कळते, आणि सातव्या खेपेला वाचक कंटाळतो. स्वप्नांतली भुते, बोलणारे पुतळे वगैरे भाग आज वाचताना फार ओरडून लिहिल्यासारखा वाटतो. पण जिना, दिवाणखान्याच्या कोणत्या कोपऱ्यात गोळी पोहोचत नाही याचा शोध, फोन लागला म्हणून झालेला आनंद, आणि 'एवढी पुस्तके घेऊन काय करू' हा प्रश्न, ही पाने अजून ताजी आहेत. लेखणीचा माणूस बंदुकीच्या शहरात किती निरुपयोगी असतो, हे त्यांनी स्वतःला न सोडता लिहिले.

त्या दिवसांतली एक हकीकत या पुस्तकांसोबत सांगण्यासारखी आहे. लेबनॉन रेडिओवर शरीफ अल-अखवी नावाचे निवेदक होते. शहरातला कोणता रस्ता आता जाण्याजोगा आहे आणि कुठे गोळीबार चालू आहे, हे ते श्रोत्यांना सांगत. माणसे त्यांचे ऐकून घराबाहेर पाय टाकीत. 'सालिका' आणि 'आमिना' हे त्यांचे दोन शब्द: वाट मोकळी आहे, वाट निर्धोक आहे. दुसऱ्यातला अमन आपल्याला लगेच ऐकू येतो. पहिला ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून आपला 'मसलक' हा शब्द आला आहे. बैरूतला त्या शब्दाने रस्ता दाखवला. आपल्याकडे मसलक म्हटले की कोणत्या मशिदीत कोणी नमाज पढायची यावरून तंटा. असो. आणखी एक शब्द: तिथले लोक युद्धाला युद्ध न म्हणता 'अल-अहदास' म्हणत, म्हणजे घटना. आपल्या 'हादसा'चाच भाऊ. जीन सईद मकदिसी यांनी आपल्या १९९०च्या आठवणींच्या पुस्तकात अशा शब्दांचा एक कोशच दिला आहे. पंधरा वर्षांत कोणत्या साध्या शब्दाला कोणता अर्थ चिकटला, हे त्यात वाचायला मिळते. दोन-चार पानी रूपकांपेक्षा असा कोश आम्हाला जास्त बोलका वाटतो.

पण या सर्वांत आपल्या वाचकाने आधी वाचावी अशी कादंबरी हनान अल-शेख यांची 'हिकायत जहरा' (जहराची कहाणी). लेखिका दक्षिण लेबनॉनमधल्या कर्मठ शिया घराण्यातल्या. कादंबरी छापायला प्रकाशक मिळेना, म्हणून १९८० साली त्यांनी ती स्वतः छापली, आणि कितीतरी अरब देशांत तिच्यावर बंदी आली. कादंबरीचे दोन भाग आहेत. पहिल्याच्या नावात व्रण आहेत ते शांततेचे, दुसऱ्यात लोट आहेत ते युद्धाचे. आपण नेमके उलटे धरून चालतो. युद्धाने जखम होते आणि शांतता ती भरून काढते, असा आपला समज. जहराच्या घरात एक गोळीही सुटण्याआधी बाप पट्ट्याने मारतो, आई भांड्यातले मटणाचे चांगले तुकडे वेचून भावाच्या ताटात वाढते आणि मुलीला रस्सा मिळतो. हे ताट कोणत्या मुस्लिम मोहल्ल्यात पाहिलेले नाही? पुरुषांकडून तिच्यावर झालेले अन्याय, आफ्रिकेतल्या मामाकडे धाडणे, मोडलेले लग्न, हे सारे त्या शांततेतच घडते.

मग युद्ध येते आणि ही मुलगी विलक्षण रीतीने सावरते. सारे शहरच बिघडल्यावर तिच्या बिघाडाकडे बोट दाखवणारा कोणी उरत नाही. भाऊ अहमद मिलिशियात जातो आणि लुटलेले सामान घरी आणतो. आई-बापांना ते नको असते आणि हवेही असते. गल्लीतल्या एका गच्चीवर स्नायपर बसलेला आहे. त्याचे लक्ष विचलित केले तर तेवढ्या वेळात कोणी मरणार नाही, अशा कल्पनेने जहरा त्याच्याकडे जाते. त्यातून संबंध जडतो, त्या संबंधात तिला पहिल्यांदा सुख मिळते, दिवस राहतात. ती त्याला सांगते. घरी परतताना रस्त्यात तिला गोळी लागते, आणि मारणारा तोच असावा असे तिला वाटत असतानाच कादंबरी संपते.

आपल्या बैठकीत या कादंबरीचा विषय निघाला, की दोन आक्षेप हमखास येतात. एक, ही मुसलमान घराची बदनामी आहे. दुसरा, बलिदान नाही, लढा नाही, अशी नायिका काय कामाची? पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्यात अर्थ नाही. ताटातले मटण कोण कोणाला वाढतो हे ज्याचे त्याला ठाऊक असते. दुसरा गंभीर आहे. जहरा शहीद नाही, हे खरे. तिच्या मरणाने काही सिद्ध होत नाही, तिचे चित्र भिंतीवर लागणार नाही. पण गच्चीवरचा तो माणूस कोण होता? त्याला नाव आहे, तो हसतो, त्याच्याशी बोलता येते. तो यजीद असता तर जहरा वाचली असती, कारण ती त्याच्याकडे गेलीच नसती. यादवीतला मारेकरी ओळखीचा असतो, ही गोष्ट आमच्या वाचनात कोणी इतक्या निर्दयपणे सांगितलेली नाही. हुदा बरकात यांच्या १९९०च्या 'हजर अद-दहक' (हास्याचा दगड) या कादंबरीत हीच वाट दुसऱ्या टोकाकडून आहे. बंदुकीपासून दूर, घर झाडतपुसत राहणारा खलील नावाचा कोवळा तरुण शेवटी मिलिशियाचा माणूस होतो, आणि तेव्हा लेखिकेलाच तो ओळखू येईनासा होतो.

हे सारे आपल्याला कशासाठी हवे? १९९०च्या सोलापूरच्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनानंतर दोनच वर्षांनी बाबरी मशीद पडली आणि मुंबईत १९९२च्या डिसेंबरात व १९९३च्या जानेवारीत दंगली झाल्या. दंगल म्हणजे यादवी नव्हे. मुंबई आणि बैरूत यांची बरोबरी करण्याचा मूर्खपणा आम्ही करणार नाही. प्रश्न फक्त लिहिण्याचा आहे. त्या दिवसांवर आपल्याकडे जी कविता झाली, तिच्यातली आमच्या वाचनात आलेली बरीचशी कर्बलेवर उभी आहे. यजीद आहे, तहान आहे, नेजे आहेत. पण कर्फ्यूच्या चौथ्या दिवशी दूध कोणी आणून दिले, चाळीतला नळ किती वाजता आला, दाराला कपाट लावून किती रात्री काढल्या, हे सांगणारी कविता विरळा. आणि आपल्याच गल्लीतल्या कोणी दुसऱ्याच्या दुकानातला माल घरी आणला, जहराच्या भावासारखा, हे सांगणारी तर आम्हाला भेटलेलीच नाही. १९९८च्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात पोलीस ठाण्यानुसार घटना दिल्या आहेत. त्या कोरड्या नोंदींत कधीकधी आपल्या कवितेपेक्षा जास्त माणूस सापडतो, ही कवींनी मनाला लावून घेण्याजोगी बाब आहे.

मराठीत उदाहरण नाही असेही नाही. हमीद दलवाई यांच्या विचारांशी आमचे आणि या वार्षिकाच्या पुष्कळ वाचकांचे पटत नाही. पण १९६५ची त्यांची 'इंधन' पुन्हा काढून वाचावी. कोकणातले एक गाव कसे पेटते, हे सांगताना त्यांना एकाही पवित्र नावाचा आधार घ्यावा लागलेला नाही. तिथले मुसलमान गरीब, हट्टी, मायाळू आणि दुष्टही आहेत. ही वाट पुढे आपण सोडली. का सोडली, तर विचारांच्या भांडणात कादंबरीही वैऱ्याची ठरली.

कर्बला आपल्या कवितेतून काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. काढता येणारही नाही. ती आपल्या आयांच्या तोंडात आहे. शहराला वेढा पडतो, लेकरांचे पाणी तुटते, तेव्हा तो शब्द ओठांवर येणारच, आणि फैज साहेबांची नज्म त्या घटकेची आहे. ती तशीच, त्या घटकेची म्हणून वाचावी. उरलेल्या साडेचौदा वर्षांसाठी दुसरी पुस्तके आहेत.

त्यांतले एक शेवटी सांगायचे राहिले. १९९१ साली लेबनॉनच्या संसदेने युद्धातल्या बहुतेक गुन्ह्यांना माफी देणारा कायदा केला. नाकेबंदी करणारे मंत्री झाले. बेपत्ता माणसांच्या आया, बायका आणि बहिणी मात्र १९८२पासून संघटना करून विचारत होत्या. २००५पासून त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयासमोरच्या बागेत तंबू ठोकला आणि त्याच्या कापडी भिंतींवर बेपत्तांची छायाचित्रे लावली. १९९४ साली शहराच्या मध्यभागाची फेरउभारणी एका कंपनीकडे गेली आणि गोळ्यांनी चाळण झालेला जुना बाजार बराचसा पाडला गेला. हुदा बरकात यांची १९९८ची 'हारिस अल-मियाह' (पाण्याची नांगरणी करणारा) या बाजारात घडते. हिला २०००चे नजीब महफूज पदक मिळाले. निकूला हा ख्रिस्ती कापड व्यापारी, घर गेल्यावर हिरव्या रेषेजवळच्या आपल्या पडक्या दुकानाच्या तळघरात एकटा राहायला जातो. वर मोकाट कुत्री, खाली बापाने जमवलेले कापडाचे तागे. घरी कामाला असलेल्या शमसा या कुर्द मुलीला आपण कसे एकेका वस्त्राची गोष्ट सांगत गेलो, हे तो आठवत बसतो: लिनन कुठून आले, मखमल कोणी विणली, कोणत्या कापडाने कोणत्या राजाची फजिती केली. युद्ध त्याच्या डोक्यावर चालू आहे आणि तो ताणाबाणा समजावतो आहे. मालेगाव-भिवंडीच्या एखाद्या मोमीन वाचकाने हे पुस्तक वाचून निकूलाच्या चुका काढाव्यात, अशी आमची फार इच्छा आहे. रेशीम निकूला अगदी शेवटी ठेवतो, कारण त्याच्या बापाने सांगून ठेवलेले असते, की त्या कापडाला हात लावण्याआधी बाकी सारी कापडे हाताला कळलेली असावी लागतात.